मिशनच्या सेवेला पूर्व आफ्रिकेत निघताय? मुलांचं आधी ठरवा

नेमणुकीचं पत्र हाती आलं की मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, निरोपाची उपासना ठरते आणि घरातली सगळी तयारी कामाभोवती फिरू लागते. केनिया, युगांडा, टांझानियाकडे निघालेल्या पाळक, डॉक्टर, शिक्षक कुटुंबांना आमचं आग्रहाचं सांगणं आहे: मुलांचं आधी ठरवा. सेवा अर्धवट सोडून परतायची वेळ अनेकदा शाळा नाहीतर आजारपणामुळे येते.

लसीपासून सुरुवात करा. पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यायची. एकदा घेतली की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. भारतातून केनियात उतरताना कदाचित ते कुणी मागणार नाही, पण परतताना मुंबई विमानतळावर मागतात. ते नसेल तर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. गडबड होते ती तान्ह्या मुलांच्या बाबतीत. ही लस 9 महिने पूर्ण झाल्यावरच देतात, आणि एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) नुकतीच दिली असेल तर मध्ये 4 आठवडे जाऊ द्यावे लागतात. म्हणून तिकिटं काढण्याआधी लसीकरण कार्ड घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा.

नैरोबी उंचावर असल्याने तिथे मलेरिया कमी. किसुमू किंवा मोंबासाकडे नेमणूक असेल तर औषध लावलेली मच्छरदाणी रोज रात्री हवीच. तिकडचा मलेरिया बहुतांशी फाल्सिपेरम जातीचा, मुलांमध्ये झपाट्याने बिघडणारा. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा. सुट्टीत पुण्या-नगरला आल्यावर ताप आला तरी डॉक्टरांना ‘आम्ही आफ्रिकेतून आलोय’ हे पहिल्या वाक्यात सांगा, नाहीतर ‘व्हायरल असेल’ म्हणून मोलाचे दोन दिवस जातात.

शाळेचा प्रश्न जुना आहे. मिशनरींच्या मुलांसाठी केनियात किजाबे इथे 1906 पासून रिफ्ट व्हॅली अकॅडमी आहे. तिथला अभ्यासक्रम अमेरिकन, मुलं बहुतेक वसतिगृहात. आमचं मत स्पष्ट आहे: दहा वर्षांखालचं मूल, दुसरा मार्ग असेल तर, वसतिगृहात ठेवू नये. नैरोबीत ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळा पुष्कळ आहेत. फी किती आणि ती मिशन भरणार की तुम्ही, हे नेमणूक-पत्रात लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर निघू नका. भारतात परतायचं असेल तर नववीच्या आधी या, नाहीतर दहावीची परीक्षा तिकडेच देऊन या. सीबीएसई नववी-दहावी एकत्र धरते, त्यामुळे थेट दहावीत प्रवेश मिळणं कठीण. निघताना शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला विसरू नका.

तिकडे बाळ झालं तर केवळ जन्मामुळे त्याला केनियाचं नागरिकत्व मिळत नाही. वर्षाच्या आत भारतीय उच्चायुक्तालयात नोंद करा. उशीर झाला तर केंद्र सरकारची परवानगी लागते.

घरी मराठी टिकवायची असेल तर रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेला ती राखून ठेवा. बायबलमधल्या शास्त्रपाठाच्या चार ओळी मुलाने मोठ्याने वाचाव्यात, ना. वा. टिळकांचं एखादं गीत म्हणावं. वाचता येत नसेल तर आधी आईने ओळ म्हणावी, मग मुलाने.

सुट्टीवर आलात की मंडळ्या भाषणासाठी रविवारमागून रविवार मागतात. पहिले तीन आठवडे कुठलंही भाषण घेऊ नका, आजी-आजोबांकडे राहा. आणि मुलांना व्यासपीठावर उभं करून ‘स्वाहिलीत गाऊन दाखव’ म्हणणाऱ्यांना नम्रपणे, पण पाळकसाहेबांसमोरसुद्धा, नाही म्हणा.