वाचकांचे प्रश्न : जाहिरातीला पैसे थोडे, गिऱ्हाईक कसं जोडायचं?

प्रश्न : जुळे सोलापुरात घरून शेंगा चटणी आणि ज्वारीची कडक भाकरी विकते. जाहिरातीसाठी महिन्याला जेमतेम ३,००० रुपये निघतात. दोन महिने इन्स्टाग्रामवर पोस्ट बूस्ट केल्या, म्हणजे पैसे भरून जास्त लोकांना दाखवल्या. लाइक भरपूर आले, ऑर्डरी चारच. पैसे कुठे लावू?

उत्तर : आधी हिशेब करू. पाव किलोच्या पाकिटामागे सगळा खर्च जाऊन ३० रुपये सुटतात असं धरलं, तर ३,००० रुपये भरून निघायलाच १०० पाकिटं जादा विकावी लागतात. अनोळखी माणसांच्या जिवावर हे जमणं फार अवघड आहे. ज्यांनी तुमची चटणी एकदा खाल्ली आहे, त्यांना पुन्हा आठवण करायला मात्र खर्च जवळजवळ नाही. तेव्हा बूस्ट सध्या थांबवा आणि एक वही घाला.

वहीत नाव, मोबाइल, तारीख, काय-किती नेलं, आपल्याबद्दल कुणाकडून कळलं, आणि घरचं कुणी पुण्या-मुंबईला असतं का, एवढं लिहा. शेवटचा रकाना सोडू नका. शेंगा चटणी बाहेरगावी मागवणारा बहुधा सोलापूरचाच असतो, आणि त्याच्यापर्यंत तुमचा नंबर त्याची आईच सगळ्यात लवकर पोचवते.

पाव किलो चटणी एखाद्या घरात वीस दिवस पुरत असेल, तर सतराव्या-अठराव्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅप करा : "उद्या चटणी कुटतोय, पाव किलो बाजूला ठेवू का?" नाव घालून पाठवलेल्या अशा एका ओळीला उत्तर येतं, रोजच्या सुप्रभाताला येत नाही, उलट लोक ब्लॉक करतात. एकच निरोप अनेकांना वेगवेगळा पाठवणाऱ्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण मावतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो निरोप पोचतो. बहुतेकांचं इथेच फसतं. पाकीट हातात देतानाच नंबर सेव्ह करून घ्या.

बाहेरगावी पाव किलो पाठवू नका, कुरियरच चटणीपेक्षा महाग पडतं. एक किलो चटणी आणि वीस भाकऱ्या असा एकच संच ठेवा. भाकरी पूर्ण गार झाल्याशिवाय बांधली तर आतल्या वाफेने ती मऊ पडते, पुढे बुरशीही धरते. दहा-दहाची चवड, वर-खाली पुठ्ठ्याची चकती, आणि खोका हलवला तर आत काही वाजता कामा नये. चटणीचं तेल पिशवीच्या तोंडाला लागलं तर सील धरत नाही, म्हणून सील करण्याआधी तोंड कोरड्या फडक्याने पुसा. वाटेत फुटलेलं एक पार्सल दहा गिऱ्हाइकांच्या कानावर जातं. लेबलवर वजन, किंमत, घटक, पॅकिंगची आणि वापराची अंतिम तारीख, १४ अंकी एफएसएसएआय (अन्न परवाना) क्रमांक आणि तुमचा फोन हवाच.

उरलेले पैसे चव देण्यात घाला. भाकरीच्या तुकड्यावर ५ ग्रॅम चटणी दिली, तर पाव किलोत ५० जण चाखतात. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला बाहेरगावचे पाहुणे घरोघर येतात, तेव्हा जुन्या गिऱ्हाइकांच्या घरी चाखायच्या छोट्या पुड्या द्या. इन्स्टाग्रामकडे नंतर वळलात तर लाइकऐवजी 'मेसेज' हे उद्दिष्ट निवडा.

प्रश्न : टॉवेलचं छोटं दुकान आहे. गूगलवर रिव्ह्यू देणाऱ्याला १० टक्के सूट द्यावी का?

उत्तर : नको. मोबदला देऊन रिव्ह्यू घेणं गूगलच्या नियमात बसत नाही. ते काढून टाकले जातात. रिव्ह्यूचं पान उघडणारा क्यूआर कोड गल्ल्याजवळ लावा आणि बिल देताना तोंडाने विनंती करा. गूगलवर दुकानाचं नाव पाटीवर आहे तेच ठेवा, त्याला 'होलसेल सोलापूर स्वस्त' जोडू नका. साप्ताहिक सुट्टीही तिथे बरोबर भरा, कारण बंद दाराशी आलेला माणूस एकच तारा देऊन जातो. फोटोखाली माप आणि जीएसएम (एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) लिहा : ३० बाय ६० इंची, ४०० जीएसएमचा टॉवेल साधारण ४६५ ग्रॅम भरतो. गिऱ्हाइकासमोर तो वजनकाट्यावर ठेवा.