अलास्काची क्रूझ: पैसे खोलीत नको, किनाऱ्यावर घाला

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तीन वर्षांत जमवलेले ९,००० डॉलर, आठ वर्षांची मुलगी, बारा वर्षांचा मुलगा, दोघांच्याही पायाला भिंगरी, आणि सिएटलहून निघून सात रात्रींनी सिएटललाच परतणारी अलास्काची क्रूझ. एजंटनं बाल्कनीची खोली ६,९०० डॉलरला सांगितलीय, बिनखिडकीची ४,३०० ला. दोन्हींत चौघांचं भाडं आणि बंदराचे कर धरलेले आहेत. विमान आणि सिएटलमधली एक रात्र मिळून २,००० होतील, असं तुम्ही काढलंय. मिस्टर म्हणतात, हे पैसे मुलांच्या कॉलेजसाठी ठेवू. तुम्ही म्हणता, मुलं या वयाची पुन्हा होणार नाहीत. शिवाय एक धास्ती: नुसते डोंगर आणि बर्फ बघून ती कंटाळली तर?

आधी मिस्टरांचा मुद्दा घेते, कारण तो वजनदार आहे. ९,००० डॉलर वर्षाला सहा टक्क्यांनी वाढले, तर मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंत त्यांचे साधारण १२,७५० होतील. सहलीची खरी किंमत ती. पण तुमची कॉलेजसाठीची दरमहाची रक्कम न चुकता जातेय, सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा ठेवलेला आहे आणि हे पैसे पहिल्या दिवसापासून सहलीच्याच नावानं बाजूला काढलेत. म्हणून मी जा असंच सांगेन. अट एकच, या ९,०००च्या बाहेर एक डॉलरही जाता कामा नये. एजंट म्हणतो ना, ‘वरचे कार्डावर टाका, हप्त्यानं फेडा’, त्याला माझा साफ नकार आहे.

तो का, ते आकड्यांत बघा. बाल्कनी घेतली की विमान, हॉटेल आणि खोली यांतच ८,९०० संपले. उरले १००. जहाजावरच्या टिपा माणशी दिवसाला १७ डॉलर धरा. बहुतेक कंपन्या त्या मुलांच्याही लावतात, म्हणजे चौघांच्या सात दिवसांच्या ४७६ झाल्या. प्रवास विम्याचे ३००. कुणी जहाजावरून खाली पाऊल टाकायच्या आधीच ६७६ डॉलर कमी पडले. त्यात तुम्हाला हव्या असलेल्या किनाऱ्यावरच्या दोन सहली, व्हेल बघण्याची ७२० ची आणि रेल्वेची ५६० ची. चांगले रेनकोट आणि किरकोळ खर्च मिळून २५०. एकूण तूट २,२०६ डॉलर. चोवीस टक्के व्याजाच्या कार्डावर ते टाकून महिन्याला २०० फेडत बसलात, तर वर्ष उलटून जाईल आणि ३०० च्या वर नुसतं व्याज जाईल. हेच सगळं बिनखिडकीच्या खोलीत बसवलं, तर सगळं भागून ३९४ डॉलर हातात राहतात.

आता तुम्ही म्हणाल, निसर्ग बघायला जायचं आणि खोलीला खिडकीही नाही? या प्रश्नावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझ्या मते सगळा निर्णय इथेच आहे.

बाल्कनीतून जहाजाची एकच बाजू दिसते. ग्लेशियर बे या अलास्कातल्या राष्ट्रीय उद्यानात मार्जरी हिमनदीसमोर जहाज थांबतं, हळूहळू वळतं, आणि सगळी माणसं वरच्या उघड्या डेकवर येतात. सुमारे अडीचशे फूट उंचीची निळसर बर्फाची भिंत समोर असते. कडा तुटून पाण्यात पडताना आधी दिसतो, आवाज मागून येतो. त्या आवाजाला तिथले मूळ रहिवासी, ट्लिंगिट लोक, ‘पांढरी मेघगर्जना’ म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा माझी मुलगी नऊ वर्षांची होती. ती या कठड्यावरून त्या कठड्यावर पळत होती आणि प्रत्येक कडा पडला की बोटांवर मोजत होती. खोलीत आम्ही फक्त झोपायला गेलो. छतातून खाली येणाऱ्या बंक, म्हणजे एकावर एक झोपायच्या फळ्या, तिला बाल्कनीपेक्षा जास्त आवडल्या, अशी माझी खात्री आहे. खोलीतल्या अंधाराचाही उपयोग झाला, कारण जूनमध्ये जुनो या अलास्कातल्या बंदरात दिवस अठरा तासांच्या आसपास असतो आणि उजेडात मुलं झोपत नाहीत. अडचण एवढीच की चौघांत एक बाथरूम आणि जागा अगदी बेताची. सकाळी खटके उडतात, ते गृहीत धरा.

एजंट दाखवतोय ते गो-कार्ट आणि पाण्याच्या घसरगुंड्यांचं मोठं जहाज मुलांना आवडेल, यात शंका नाही. पण घसरगुंडीसाठी अलास्कापर्यंत जायला नको. त्यापेक्षा ते जहाज ग्लेशियर बेमध्ये जातं का, हे विचारा. या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला जास्तीत जास्त दोन मोठी क्रूझ जहाजं सोडतात, त्यामुळे प्रत्येक जहाजाच्या वाट्याला ते येत नाही. उद्यानाचे रेंजर जहाजावर चढतात, मुलांना ज्युनियर रेंजरचं काम देतात, बिल्ला मिळतो. तुमच्या मुलीच्या वयाला तर हे अगदी चपखल बसतं.

दुसरी गोष्ट तासांची. माहितीपत्रकात ‘चार बंदरं’ लिहिलेलं असतं. त्यातलं एक कॅनडातलं व्हिक्टोरिया, आणि तिथे जहाज बहुधा संध्याकाळी लागून रात्रीच सुटतं. हा थांबा कायद्यापोटी असतो. १८८६ च्या अमेरिकी कायद्यानुसार परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकी बंदरातून निघून, मध्ये परदेशी बंदराला न लागता, प्रवासी परत आणता येत नाहीत. तेव्हा बंदरं मोजू नका, जुनो, स्कॅगवे आणि केचिकनमध्ये उजेडी किती तास मिळतात ते मोजा. भिंगरी लागलेल्या मुलांसाठी मी तरी भाडं त्या तासांनी भागून बघते. दोनशे डॉलर महाग जहाज चार तास जास्त देत असेल, तर ते स्वस्त पडलं. व्हिक्टोरियामुळे चौघांची कॅनडाच्या प्रवेशाची कागदपत्रंही लागतील, त्यांची फी धरली नसेल तर उरलेल्या ३९४ मधून काढा.

स्कॅगवेची रेल्वे मला स्वतःला फार आवडते. सोन्याच्या लाटेत १८९८ ते १९०० या काळात बांधलेली ही अरुंद रुळांची गाडी वीस मैलांत जवळपास तीन हजार फूट चढते. पण तीन तासांच्या आसपास बाकावर बसून राहायचं असतं. दहा मिनिटं एका जागी न टिकणाऱ्या मुलांसाठी यावर ५६० डॉलर घालू नका. त्याच गावातून लोअर ड्यूई तळ्याकडे चढण लागते, गावातूनच चालत जाता येतं, पैसे पडत नाहीत, आणि मुलं दमून परततात. वाचलेले पैसे केचिकनला कयाक किंवा झिपलाइनला वापरा. बुकिंगआधी वय आणि वजनाची किमान अट तपासा, आठ वर्षांच्या मुलीला तिथे अडवू शकतात. केचिकनला पाऊस ठरलेलाच समजा, म्हणून रेनकोटात काटकसर नको. व्हेलची सहल मात्र ठेवा. उन्हाळ्यात जुनोच्या आसपास हंपबॅक व्हेल असतात, आणि छोट्या बोटीत मुलांना इकडून तिकडे फिरता येतं. जुनोजवळच्याच मेंडेनहॉल हिमनदीपाशी असलेल्या नगेट धबधब्यापर्यंतची वाट सपाट आहे, गाइड लागत नाही.

सिएटलची बरीच जहाजं व्हँकूव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या समुद्रातून जातात, तेव्हा मुलांना गाडी लागत असेल तर डॉक्टरांना आधी विचारून औषध जवळ ठेवा. व्हँकूव्हरहून निघून अलास्कातल्या व्हिटियर किंवा सीवर्डला संपणारा मार्ग सुरुवातीला शांत पाण्याचा आहे, पण शेवटी अलास्काच्या आखातात उघडा समुद्र लागतोच, शिवाय परतीचं विमान दुसऱ्या शहरातून घ्यावं लागतं आणि तुमचं गणित तिथेच कोलमडतं. विम्यात जहाजावरून हलवण्याचा वैद्यकीय खर्च आहे ना, एवढं मात्र बघाच. जहाजावरच्या दवाखान्याचं बिल आपल्याच खात्यावर पडतं.

बुकिंग करताना एजंटकडून दोन गोष्टी लेखी घ्या: डिपॉझिट परत मिळणारं आहे की नाही, आणि पूर्ण रक्कम भरायची शेवटची तारीख. बहुतेक कंपन्या साधारण तीन महिने आधी सगळे पैसे मागतात आणि त्यानंतर रद्द केलं तर कापलेली रक्कम टप्प्याटप्प्यानं वाढत जाते. त्या तारखेच्या आठवडाभर आधी मिस्टरांबरोबर बसा. दोघांच्या नोकऱ्या जागेवर असतील आणि सहा महिन्यांच्या पैशाला हात लागला नसेल, तर भरा. नसेल, तर त्याच दिवशी रद्द करा आणि हे ९,००० पुढच्या मेपर्यंत आहेत तिथेच राहू द्या.