«मॅडम, तुम्ही त्याला काही सांगतच नाही»

एका जिल्हा परिषद शाळेतल्या सरांचा मेसेज अजून माझ्या फोनवर आहे. ‘मॅडम, तुम्ही दर गुरुवारी येता, त्या पोराला अर्धा तास घेऊन बसता. तो बाहेर आला की मी विचारतो, मॅडमनी काय सांगितलं? तो म्हणतो, काईच नाई. तुम्ही काही सांगतच नसाल तर तो सुधारणार कसा?’

मेसेजमधला वैताग खरा होता आणि तो एकट्या सरांचा नव्हता. यवतमाळ-वर्ध्याकडच्या शाळांमध्ये मी समुपदेशक म्हणून जाते तिथं मायबाप, मुख्याध्यापक, गावातले जाणते, सगळे याच वळणानं विचारतात. नुसतं ऐकून घेतलं तर पोट्टं डोक्यावर नाही का बसणार? त्या मुलाच्याच गोष्टीतून उत्तर देते. त्याच्या आईला विचारून लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आधी सरांची बाजू. वर्ग सात, शिक्षक तीन, वरून ऑनलाइन माहिती भरणं आणि पोषण आहाराचा हिशेब. सहावीतला हा मुलगा दुपारची खिचडी खाल्ली की गायब. वर्गात असला तर मागच्या भिंतीला टेकून, विचारलं की मान खाली. दिवाळीच्या सुट्ट्यांनंतर त्यानं वर्गातल्या एकाला लोखंडी पट्टीनं मारलं. रक्त आलं. त्या मुलाचे काका शाळेत येऊन वाट्टेल ते बोलून गेले. मग समजावणं सुरू झालं. सरांनी समजावलं, मुख्याध्यापकांनी समजावलं, शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांनी समजावलं, आजीनं तर स्वतःच्या गळ्याची शपथ घातली. छडीचा प्रश्नच नव्हता. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, आणि ‘बरंच झालं ते,’ असं सर स्वतःच म्हणाले. मग मला बोलावणं आलं. पाचवी समजावणारी म्हणून.

चार मोठी माणसं एकच गोष्ट सांगून दमली असतील, तर तीच ऐकवायला पाचव्या माणसानं एसटीनं यायची काय गरज? पट्टीनं मारू नये, शाळा बुडवू नये, हे त्या मुलाला माझ्याइतकंच माहीत होतं. त्याला माहीत होतं आणि आम्हां पाचही जणांना माहीत नव्हतं असं काहीतरी दुसरंच होतं.

मी ज्या पद्धतीनं काम करते तिला व्यक्तिकेंद्री समुपदेशन म्हणतात. ती कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची. १९२८ पासून दहाबारा वर्षं ते न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात अडचणीतल्या मुलांसाठी काम करत होते. तिथला एक प्रसंग त्यांनीच सांगितला आहे. एक मुलगा अतिशय दांडगट होता. त्याची आई त्याला लहानपणापासून झिडकारते, तिथंच सगळं मूळ आहे, असं रॉजर्स यांचं निदान. ते तिला पटवायचा त्यांनी भेटीमागून भेटी प्रयत्न केला, पण गाडी पुढं जाईना. शेवटी ‘आपण दोघांनी प्रयत्न केला, आता थांबू या’ असं ठरलं. बाई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, इथं मोठ्या माणसांनाही समुपदेशन मिळतं का? पुन्हा बसल्या आणि संसाराबद्दल जे बोलायला लागल्या त्याचा मागच्या सुबक निदानाशी फारसा संबंध नव्हता. खरं काम त्या दिवशी सुरू झालं आणि मुलगाही पुढं सावरला. दुखतंय कुठं हे दुखणाऱ्यालाच ठाऊक असतं, हा रॉजर्स यांचा सगळा डोलारा अशा अनुभवांवर उभा आहे. समोरच्याचं जग त्याच्या नजरेनं पाहायचं, त्याला अट न घालता स्वीकारायचं आणि आपण स्वतः खोटं वागायचं नाही, एवढ्या वातावरणात माणूस आपला आपण हलायला लागतो, असं त्यांनी १९५७ च्या गाजलेल्या लेखात मांडलं. त्यांच्या सहकारी व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी हेच मुलांच्या खेळात आणलं आणि १९४७ मध्ये त्याची आठ तत्त्वं मांडली. त्यातलं आठवं तत्त्व मर्यादा घालण्याबद्दल आहे. ‘डोक्यावर बसेल’ म्हणणाऱ्यांनी आधी हे आठवं वाचावं.

आम्हाला बसायला मिळाली ती तांदळाची खोली. पोती, तेलाचे डबे, एक मोडकं बाक आणि छताच्या आकड्याला लटकवलेला वजनकाटा. पहिल्याच दिवशी मी त्याला सांगितलं, “हा अर्धा तास तुझा. बोल, नको बोलू, जे करायचं ते कर. तीन गोष्टी चालणार नाहीत. मला लागेल असं काही नाही, तुला लागेल असं नाही, आणि शाळेच्या वस्तू फोडायच्या नाहीत. तू जे सांगशील ते मी बाहेर सांगणार नाही. पण तुला कुणी त्रास देत असेल, तुझ्या जिवाला धोका असेल, तर मला सांगावं लागेल, आणि ते आधी तुला सांगूनच.”

तो बोलला नाही. मीही गप्पांचा पाऊस पाडला नाही. पोत्यावर बसून राहिला, घंटा झाली, गेला.

पुढच्या वेळी त्यानं काट्याला दप्तर अडकवलं. मग चप्पल. मग माझी पर्स, माझ्याकडे एकदा बघून. “माझी पर्स किती भरते ते बघायचंय तुला,” एवढंच मी म्हटलं. पर्स दप्तरापेक्षा जड निघाली आणि तो पहिल्यांदा हसला. असे काही गुरुवार निव्वळ वजनं करण्यात गेले. सरांचा मेसेज त्याच काळातला, आणि खिडकीतून पाहणाऱ्याला हा पोरखेळच वाटणार हे मलाही कबूल आहे.

एकदा त्यानं काही न अडकवता नुसता आकडा हातानं खाली ओढला. काटा वीस किलोवर गेला.

“असा वढला का जास्त भरते,” तो म्हणाला.

“ओढला की जास्त भरतं.”

“अन् खालून गुडघा लावला का कमी भरते. तो लावते.”

“कुणीतरी गुडघा लावतो आणि वजन कमी दाखवतो.”

“मायच्या गाठोड्याले.”

कापूस वेचणीची मजुरी किलोवर असते. दिवाळीपासून पुढं तीनचार महिने बाया सकाळी ओटी बांधून वावरात शिरतात आणि संध्याकाळी ज्याचं त्याचं गाठोडं काट्याला लागतं. जेवढा कापूस भरला तेवढे पैसे. मी म्हटलं, “आईचा कापूस कमी भरतो याचं तुला वाईट वाटतं.”

“नाई.” त्यानं मान हलवली. “कमी भरला का बाबा बोलते तिले. मंग माय जेवत नाई.”

याच वाक्यापाशी जरा थांबते. माझा अंदाज चुकीचा निघाला आणि त्यानं तो दुरुस्त केला. ऐकणं म्हणतात ते हेच काम आहे. मुलाचं बोलणं आपल्या शब्दांत त्याच्यापुढं ठेवायचं, म्हणजे त्याला ‘नाही, असं नाही, असं’ म्हणता येतं. ‘का मारलंस?’ या प्रश्नाला मुलाकडे ‘नाई माईत’ याशिवाय उत्तर नसतं, कारण तो प्रश्न कानाला आरोपासारखा लागतो.

मी त्याला सरळ विचारलं, बाबा आईला किंवा तुला मारतात का. हे विचारायचंच असतं, तिथं पद्धतीचा सोवळेपणा कामाचा नाही. “नाई. बोलते फक्त.” पुढं आईकडूनही तेच कळलं.

मग बाकीचं सुटं सुटं आलं. खिचडी खाल्ली की तो वावरात जायचा आणि सुटेपर्यंत वेचून आपला कापूस आईच्या गाठोड्यात घालायचा. आईला सांगायचा, शाळा लवकर सुटली. पट्टीनं मार खाल्लेला मुलगा वावर ज्यांचं त्यांच्याच घरचा. तो वर्गात म्हणाला होता, “तुह्या मायचा कापूस ओला असते.” ओला कापूस जास्त भरतो. म्हणजे तुझी आई चोर आहे.

“तो आईला चोर म्हणाला आणि तुझं डोकं फिरलं,” मी म्हटलं.

“हाव.”

“डोकं फिरणं मला समजतं. पट्टीनं मारणं चालणार नाही.”

“हाव,” तो पुन्हा म्हणाला, जरा हळू. हीच गोष्ट चार जणांनी त्याला सांगितली होती. पहिलं वाक्य मात्र कुणी म्हटलं नव्हतं, कारण ते कुणाला माहीत नव्हतं.

आता नुसतं ऐकून भागणार नव्हतं. बालमजुरी कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या कामात हातभार लावता येतो. शाळा बुडवून दुसऱ्याच्या वावरात वेचणी कायद्यात बसत नाही. पण थेट तक्रारीनं सुरुवात केली असती तर आधी त्या बाईचं काम गेलं असतं, आणि पोरगं पुन्हा कुणाला काही सांगायला धजलं नसतं. मी त्याला विचारलं, “तुझ्या आईशी बोलायचं आहे. काय सांगू, काय नको?” तो विचार करून म्हणाला, “गुडघ्याचं सांगा. जेवत नाई ते नका सांगू.” मी तसंच केलं.

आई संध्याकाळी भेटली. बोटं बोंडांच्या टोकांनी ओरबाडलेली. “मले वाटे शाया लवकर सुटते,” ती म्हणाली आणि बराच वेळ चुलीकडेच बघत राहिली. गुडघ्याचं तिला ठाऊक होतं, सगळ्याच बायांना ठाऊक होतं. त्यावर माझ्याकडे उपाय नव्हता. पण दुपारी गरगरतं, म्हणून हात मंद पडतो, हे तिनं बोलता बोलता सांगितलं. गावच्या आशाताई तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेल्या. रक्त कमी निघालं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. बाबांची माझी भेट एकदाच झाली, जिनिंगच्या फाटकावर, पाच मिनिटं. तिथं फार काही घडलं असं मी म्हणणार नाही.

आईनं त्याचं वावरात येणं बंद केलं. त्या गुरुवारी तो माझ्याशी बोलला नाही, काट्यालाही हात लावला नाही. “माझ्यावर राग आलाय,” मी म्हटलं. “तुमच्यानंच झालं.” “हो, मी बोलल्यामुळंच झालं. तुला विचारून बोलले, पण हे असं होईल ते तुला नको होतं.” इथं ‘तुझ्या भल्यासाठीच’ म्हणायचा मोह होतो. तो टाळावा. मुलाला राग असतो तेव्हा त्याला आपलं भलं ऐकायचं नसतं.

शाळेतला बदल मात्र सरांच्या डोक्यातून आला. पोषण आहारात पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम आणि सहावी-सातवीला १५० ग्रॅम तांदूळ लागतो. रोजची हजेरी घेऊन तांदूळ किती काढायचा हा हिशेब आणि वजन सरांनी त्याच्याकडे सोपवलं. बक्षीस म्हणून नाही, ‘तुला काटा कळतो’ म्हणून. गुणाकारात रडणारा मुलगा ग्रॅमचे किलो तोंडी करायला लागला. आणि सर स्वतः वर्गात ‘का केलंस’च्या जागी ‘काहीतरी लागलं वाटतं तुला’ म्हणून बघायला लागले. पस्तीस पोरांत दर वेळी जमत नाही, ते म्हणतात. नाहीच जमणार. दिवसात एकदा जमलं तरी पुष्कळ.

हे सगळ्याला पुरतं असं मात्र नाही. मूल ऐकतच नाही असं वाटलं तर आधी त्याचे कान तपासून घ्यावेत. शाळेत येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक ते करतं. नीट बोलता येतं पण वाचताना अक्षरं अडतात, अशा मुलाला वेगळी मदत लागते. ‘मरून जातो’ असं मूल म्हणालं तर पुढच्या गुरुवारची वाट बघायची नाही. त्याच दिवशी त्याला एकटं न सोडता घरच्यांना गाठायचं, टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोलायचं, जिल्हा रुग्णालयात न्यायचं. लैंगिक अत्याचाराचा नुसता संशय आला तरी २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे, आणि मुलांसाठीचा १०९८ हा नंबर शाळेच्या भिंतीवर हवाच.

मारामारी त्यानंतर एकदा झाली, हातांनीच, आणि दोघांनीही केली. गृहपाठ अजून आणत नाही. दुपारी वर्गात असतो. संक्रांत उलटल्यावर एका गुरुवारी तो दारातूनच म्हणाला, “मॅडम, आता मी नाई येत. मॅच असते.” मी बरं म्हटलं आणि त्याची वेळ पाचवीतल्या एका मुलीला दिली. तिच्याबद्दल सरांचा मेसेज आधीच येऊन पडला होता.