सिंहपुच्छाच्या आधी आपली लाल तोंडाची माकडं बघ

तुझा मेसेज काल रात्री वाचला. एम.एस्सी. झूलॉजी झाली, आता प्रायमेट इकॉलॉजीत, म्हणजे माकडं-वानरं रानात कशी जगतात त्या अभ्यासात, जायचंय आणि पीएचडी करायची तर सिंहपुच्छ माकडावरच, असं लिहिलंयस. वाचून फार बरं वाटलं गं, कोल्हापुरातून या वाटेला येणारी पोरं मोजकीच असतात. पण माझं ऐकशील तर आधी एक वर्ष इथल्याच माकडांमागं घालव.

सिंहपुच्छ कर्नाटकात शरावतीच्या खोऱ्यापासून खाली दक्षिणेला सापडतं, त्याच्यावर म्हैसूर, कोइमतूरकडच्या लोकांनी कित्येक वर्षं काम केलंय आणि अजून करतायत. आपली लाल तोंडाची माकडं, म्हणजे बॉनेट मकाक, रोज दिसतात म्हणून त्यांच्याकडं कुणी नीट बघत नाही. जगात ती फक्त दक्षिण भारतात आहेत. 2020 मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत ती व्हल्नरेबल, म्हणजे धोक्याच्या वाटेवरची, झाली. उत्तरेकडचं ऱ्हीसस मकाक खाली सरकतंय आणि ते येईल तिथून बॉनेट मागं हटतंय, हे 2011 मध्ये आपल्याच देशातल्या संशोधकांनी मांडलं. मला तर हे जास्त काळजीचं वाटतं, कारण डोळ्यासमोरचं जनावर कमी झालेलं कुणाच्या लक्षातच येत नाही.

आणि साध्या जनावरावर मोठं काम होत नाही असं तुला कुणी सांगितलं तर अजिबात मानू नकोस. धारवाड आपल्याला किती जवळ, 1960 च्या दशकात जपानच्या क्योटो विद्यापीठाचे सुगियामा तिथं येऊन काळ्या तोंडाच्या वानरांमागं हिंडले, आणि नवा नर टोळी ताब्यात घेतो तेव्हा पिल्लं मारली जातात हे त्यांनी नोंदवलं. पुढं सारा हर्डी या अमेरिकन संशोधिकेनं माउंट अबूला तेच वानर घेऊन काम केलं आणि नर पिल्लं का मारतात यावरचा वाद कित्येक वर्षं चालला.

कामाची पद्धत जीन ऑल्टमन यांच्या 1974 च्या पेपरातून शीक, स्कॅन (ठरल्या वेळी सगळ्या टोळीची नोंद) म्हणजे काय, फोकल (ठरावीक वेळ एकाच माकडावर नजर) म्हणजे काय, कधी कुठलं वापरायचं ते सगळं त्यात आहे. स्कॅनला दर दहा मिनिटांनी घड्याळ बघायचं आणि दिसेल ते प्रत्येक माकड काय करतंय ते लिहायचं, खात असेल तर कुठलं झाड, पान की फळ, कच्चं की पिकलं. ऐकायला सोपं वाटतं. उंबराखाली बसून बघ, माकड भराभर उंबरं तोडून गालातल्या थैल्यांत कोंबतं, दोन्ही गाल टम्म फुगतात, मग बाजूच्या फांदीवर जाऊन हाताच्या पाठीनं गाल दाबत एकेक उंबर तोंडात घेऊन चावत बसतं. आता खाणं कधी लिहायचं, तोडताना का चावताना? ते आधीच ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव, नाहीतर सहा महिन्यांनी तुझाच डेटा तुला कळणार नाही. वानराला या थैल्या नसतात, ते पानं खातं आणि कप्प्याकप्प्याच्या जठरात ती आंबवत तासन्‌तास बसून राहतं, तेव्हा "बसलंय" एवढंच लिहायचा कंटाळा करू नकोस, त्याचं पचन चाललेलं असतं. झाडं ओळखता आली पाहिजेत, त्यासाठी विद्यापीठाच्या बॉटनीवाल्यांशी ओळख वाढव.

शेतकऱ्यांपासून लांब राहू नकोस. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरीत भुईमूग नाहीतर मका गेलेल्या माणसाला संवर्धन सांगायच्या आधी त्याच्या बांधावर बसून त्याचं ऐकून घे, काय गेलं, किती वाजता गेलं, राखणीला कोण होतं. लोक म्हणतात माकडं धरून दुसरीकडं सोडा, त्यानं त्रास फक्त पुढच्या गावाला जातो, आणि ऱ्हीसस पसरायला अशी सोडासोडसुद्धा कारण आहे.

एक गोष्ट मात्र सक्तीनं पाळ, मेलेल्या माकडाला हात लावायचा नाही. माकडताप गोचिडीतून माणसाला होतो, आणि 2016 पासून आपल्या घाटाखाली दोडामार्गात त्याचे पेशंट निघालेत. अंगभर कपडे घाल, मेलेलं माकड दिसलं की लगेच वनविभागाला कळव.

नेट-जेआरएफचा, म्हणजे संशोधनासाठी फेलोशिप देणाऱ्या परीक्षेचा, अभ्यास सोबत चालू ठेव, फेलोशिप असेल तर घरचे पण जरा निवांत राहतात. डेहराडूनची डब्ल्यूआयआय (भारतीय वन्यजीव संस्था) आणि बेंगळुरूची एनसीबीएस (जीवशास्त्राची संशोधन संस्था), दोन्हीकडं वाइल्डलाइफची एम.एस्सी. आहे, पण ती तुला परत करायलाच पाहिजे असं नाही, तुझ्याकडं स्वतः गोळा केलेला एक वर्षाचा डेटा असला तर गाइडशी बोलताना त्याचा जास्त उपयोग होईल. दाजीपूरच्या अभयारण्यात काम करायचं तर अर्ज नागपूरला वन्यजीव विभागाकडं जातो आणि परवानगीला महिने लागतात, म्हणून तो याच महिन्यात टाक. तोवर गावाजवळची एक टोळी धर आणि पहिल्या आठवड्याच्या शीटचे फोटो मला पाठव, मी बघून कळवते.