पगार कुठे कुठे जातो, आमच्या फोंड्यातल्या घराचा हिशेब

तुम्ही विचारलंय की चार माणसांच्या घरात महिन्याचे पैसे कशावर किती टक्के जायला पाहिजेत आणि तो ५०-३०-२० वाला नियम (गरजा, हौस, बचत) गोव्यात चालतो का. जायला किती पाहिजेत ते मला माहीत नाही, आमच्याकडे जातात किती ते सांगतो.

आम्ही फोंड्याला, मी, बायको, मुलगी आणि आई. दोघांचे मिळून ४८ हजार येतात. घर वडिलोपार्जित, भाडं नाही, हे आधीच सांगतो कारण भाडं असतं तर पुढचं सगळं गणितच बदललं असतं. खर्च होतो साधारण ३६ हजार. त्यातले खाण्यावर १५: किराणा साडेपाच, भाजी-फळं दोन, दूध अठराशे, पोदेराचे (पाववाल्याचे) पाव-पोळी बाराशे आणि मासे साडेचार हजार. हो, साडेचार, आणि तेही सोमवार-गुरुवार सोडून! मध्ये बायको म्हणाली माशांवर जरा हात आखडता घ्या, तर तिसऱ्याच दिवशी आईने ताटातली डाळ बोटाने बाजूला सारली आणि विचारलं, "हें शिवराक कितले दीस?" (हे शाकाहारी किती दिवस?) संपला विषय. आता तुमच्या नियमात मासे कुठे घालायचे? बायको म्हणते हौस, आई म्हणते गरज.

टक्के काढताना एक बघा. सरकारच्या २०२३-२४ च्या घरखर्च सर्वेक्षणात देशात खाण्यावर शहरात सुमारे ४० आणि खेड्यात ४७ टक्के जातात (१९९९-२००० मध्ये ४८ आणि ५९ होते), पण हे टक्के खर्चाचे आहेत, पगाराचे नाहीत. आमचे १५ हजार पगाराच्या ३१ टक्के आणि खर्चाच्या ४२, लोक दोन्हींची सरमिसळ करतात आणि उगाच घाबरतात.

पेट्रोल साडेचार हजार, दोन स्कूटर, कारण संध्याकाळनंतर बसचा भरवसा नाही. बाकी वीज, गॅस, वायफाय, ट्युशन, आईच्या गोळ्या, सगळ्यांच्या घरी असतं तेच.

खरी गोची महिन्याच्या हिशेबातच आहे. मे महिन्यात पुरुमेत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायचं, सुके बांगडे, सुकी सुंगटं (कोळंबी), आमसुलं, वर कौलं परतायची, त्यात बजेट पार कोलमडतं. मग १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे माशांचा खर्च एकदम खाली. आणि नंतर चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी! माटोळी (गणपतीवर टांगायची फळं-पानं), नेवऱ्या (करंज्या), कपडे, पाहुणे, दोन वर्षांपूर्वी २२ हजार गेले आणि भावाकडे हात पसरावे लागले. तेव्हापासून दरमहा दोन हजार वेगळ्या खात्यात टाकतो, ते त्या ३६ मध्येच धरलेत, आणि त्या खात्याला मुद्दाम गुगल पे जोडलेलं नाही.

उरलेल्या १२ मधून स्कूटरचा हप्ता गेला की नऊ शिल्लक. तुम्ही पण लिहून ठेवा, पण एका महिन्यावरून टक्के काढू नका, आणि तो महिना जून असेल तर मुळीच नको, तेव्हा आमच्याकडेसुद्धा भरपूर बचत झालेली दिसते.