‘लाजाळू आहे’ म्हणून सोडून देऊ नका

ताई, पाहुणे आले की लेक खोलीत कोंडून घेते, तोंडी परीक्षेच्या दिवशी पोटात दुखतं म्हणताय, तर ‘मोठी झाली की सुटेल’ म्हणत वर्ष घालवू नका. हा नुसता लाजाळूपणा नसून सोशल अँग्झायटी, म्हणजे लोकांसमोर वावरण्याची अतिरेकी भीती असू शकते. तिच्यावर पहिला उपाय गोळ्या नव्हेत, सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी समुपदेशनाची पद्धत. त्यात भीतीच्या पायऱ्या पाडतात. आधी दुकानात दुधाची पिशवी स्वतः मागायची, मग मावशीला फोन, मग वर्गात हात वर करायचा. एकेक पायरी, धडधड ओसरेपर्यंत, पुन्हा पुन्हा. साधारण ८ ते १२ बैठका धरून चाला. आणि हो, तिच्या वतीने तुम्ही उत्तरं देणं बंद करा. आपल्या आयांना हेच सर्वांत जड जातं!

त्रास फार असेल तर मनोविकारतज्ज्ञ सर्ट्रालिन किंवा फ्लुओक्सेटिनसारखं औषध देतात. गुण यायला चार-सहा आठवडे लागतात. सुरुवातीला अस्वस्थपणा वाढला किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. परस्पर बंद मात्र करू नका.

गावात कोणी नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. समुपदेशकाला पहिल्याच भेटीत विचारा, सराव करून घेता का? नुसत्या गप्पांवर पैसे घालवू नका.