सत्काराऐवजी अर्थसंकल्पात तरतूद मागावी

प्रश्न : आमचा हौशी नाट्यसंघ कळव्यात आहे. तालमींसाठी मिळणारा शाळेचा वर्ग आता मिळेनासा झाला आहे. नाट्यगृहाचे भाडे, प्रकाशयोजना आणि नेपथ्याचा टेम्पो यांचा खर्च तिकीटविक्रीतून निघत नाही. आम्ही प्रभागातील नगरसेवकांना भेटलो. त्यांनी आपुलकीने ऐकून घेतले, वर्धापनदिनी कलावंतांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करण्याचे कबूल केले. मात्र कलेसाठी महापालिकेकडे पैसा नसतो, असे सांगितले. आता कोणाकडे आणि काय मागावे?
— एक वाचक, कळवा

उत्तर : नगरसेवकांचा जिव्हाळा खरा असेल, परंतु त्यांचे हे उत्तर आपण अंतिम मानू नये. ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत आलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी स्थानिक संस्थांकडे सोपवता येतील असे १८ विषय आहेत आणि त्यांतील तेरावा विषय सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींच्या संवर्धनाचा आहे. ठाण्यात १९७८ मध्ये उभे राहिलेले गडकरी रंगायतन, नंतरचे डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह आणि वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह या वास्तू सार्वजनिक पैशातूनच झाल्या. कलेवर जनतेचा पैसा खर्च करावा की नाही, हा प्रश्न आपल्या शहरांनी केव्हाच सोडवला आहे. अडचण अशी आहे की हा पैसा इमारतीपर्यंत येतो आणि तिथेच थांबतो.

याचे कारण समजून घेतल्यास आपली मागणी नेमकी होईल. इमारत भांडवली, म्हणजे एकदाच कराव्या लागणाऱ्या, खर्चातून होते, तिचे भूमिपूजन होते, कोनशिलेवर नावे कोरली जातात. तालमीची जागा, भाड्यातील सवलत किंवा नव्या नाट्यसंहितेच्या पहिल्या प्रयोगाला साहाय्य हा मात्र दरवर्षीचा महसुली खर्च असतो आणि त्याचे उद्घाटन करता येत नाही. आमदार आणि खासदार यांच्या स्थानिक विकास निधीचेही असेच आहे. प्रत्येकी वर्षाला ५ कोटी रुपयांचा हा निधी प्रामुख्याने कायमस्वरूपी कामांसाठी असल्यामुळे महोत्सवाच्या खर्चाची मागणी तिथे नियमावरच अडते. आमदारांकडे मागायचेच असेल, तर प्रभागातील एखाद्या समाजमंदिराच्या सभागृहात रंगमंच आणि वीजजोडणीची सोय मागावी.

महापालिकेकडे मात्र स्वतंत्र लेखाशीर्षाची, म्हणजे अंदाजपत्रकातील वेगळ्या नावाच्या तरतुदीची, मागणी करावी, असे माझे ठाम मत आहे. हौशी व प्रायोगिक कलासंस्थांना साहाय्य या नावाने दरवर्षी ठरावीक रक्कम असावी, महापालिका शाळांची सभागृहे सायंकाळी नाममात्र भाड्याने तालमींना मिळावीत आणि नाट्यगृहांतील आठवड्याच्या मधल्या दिवसांच्या काही तारखा हौशी संस्थांसाठी राखून ठेवाव्यात. शनिवार-रविवारच्या तारखा व्यावसायिक नाटकांना लागतात, हे मान्य केले म्हणजे वादाचे कारण उरत नाही. अर्ज जाहीरपणे मागवावेत आणि निवड झालेल्या संस्थांची यादी रकमेसह प्रसिद्ध करावी, ही अटही आपणच निवेदनात लिहावी, कारण नियमांवाचून दिलेले अनुदान ओळखीच्या माणसांकडे जाते आणि त्यातून सगळीच मागणी बदनाम होते.

परवडणारी जागा किती मोठे काम करू शकते, याचे उदाहरण दादरमध्ये आहे. छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून जी प्रायोगिक रंगभूमी बहरली, तिला भव्य नाट्यगृह लाभलेले नव्हते. नेमाने उपलब्ध होणारे एक सभागृह तेवढे होते. तो मोठेपणा एका शाळेने दाखवला. शेकडो वर्गखोल्यांची मालकी असलेल्या महापालिकेने तो दाखवावा, ही अपेक्षा मुळीच अवाजवी नाही.

वेळ साधणे तितकेच महत्त्वाचे आहे. आयुक्त साधारणपणे फेब्रुवारीत अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे मांडतात आणि तेथून ते सर्व नगरसेवकांच्या महासभेकडे जाते. दिवाळीनंतर लगेच निवेदन दिल्यास ते लेखा विभागाच्या विचारात येऊ शकते. अंदाजपत्रक सादर झाल्यावर मात्र नगरसेवकांनी महासभेत उपसूचना, म्हणजे बदल सुचवणारा प्रस्ताव, मांडणे एवढाच मार्ग राहतो. ठाण्यात मार्च २०२२ मध्ये आणि नवी मुंबईत मे २०२० मध्ये मुदत संपल्यावर प्रशासकांची राजवट आली आणि ही उपसूचना मांडणारे सभागृहच काही वर्षे नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे निवडून आलेल्या प्रतिनिधीचे मोल कळते. भेटीला जाण्यापूर्वी माहिती अधिकारात १० रुपये शुल्काचा अर्ज करून सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी मागील तीन वर्षांत किती तरतूद होती आणि प्रत्यक्ष खर्च किती झाला, हे आकडे मिळवावेत. पैसा नाही आणि पैसा होता पण खर्चला गेला नाही, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

प्रश्न : रस्त्यांवर खड्डे आणि रुग्णालयांत रांगा असताना नाटकांसाठी कर का वापरावा? ज्यांना आवड आहे त्यांनी तिकीट काढावे.
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : आपला आक्षेप रास्त आहे आणि कायद्यानेही त्याची दखल घेतली आहे. महापालिकेची कर्तव्ये बंधनकारक आणि स्वेच्छाधीन अशी विभागलेली असून पाणी, स्वच्छता व रस्ते पहिल्या गटात येतात. त्यांचा पैसा नाटकाकडे वळवा, असे कोणी म्हणू नये आणि निवेदनातही तसे ध्वनित होता कामा नये. परंतु तिकीट काढणारा प्रेक्षक बहुधा आधी कधीतरी नाटक पाहिलेला असतो. नवी मुंबईतील दिघा किंवा तुर्भे येथील महापालिका शाळेतल्या मुलीला बालनाट्य पाहायला मिळणे, अथवा स्वतः त्यात उभे राहायला मिळणे, हे तिच्या पालकांच्या खिशावर सोडले तर ते घडणारच नाही. म्हणूनच साहाय्य घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने वर्षातून किमान एक प्रयोग महापालिका शाळेत विनामूल्य करावा, अशी अट मी सुचवतो. कळव्याच्या वाचकांनी ती आपल्या निवेदनात जरूर घालावी, संघाच्या सदस्यांबरोबर प्रभागातील पालक व शिक्षकांच्या सह्याही घ्याव्यात आणि आवक-जावक कक्षातून तारखेसह पोच घ्यावी.